पन्नास राज्यं आणि एक कायदा

2014च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या असंख्य पालकांच्या हाती शाळेकडून एक पत्र पडलं. (हे वॉशिंग्टन म्हणजे राजधानीचं शहर नव्हे. सिॲटल, रेडमंड, बेलव्ह्यू ही शहरं असलेलं पश्चिम किनाऱ्यावरचं राज्य. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनमुळे तिथे मराठी कुटुंबंही बरीच आहेत.) तुमच्या मुलाची शाळा केंद्रीय कायद्याच्या निकषांत बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. शाळा वर्षभरात बिघडल्या नव्हत्या. शिक्षक तेच, मुलं तीच, शिकवणंही तेच. घडलं होतं ते इतकंच की एप्रिलमध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने या राज्याला त्या कायद्यातून दिलेली सूट मागे घेतली होती. सूट गेली तशी राज्यातली जवळजवळ प्रत्येक शाळा कागदोपत्री नापास झाली. गरीब मुलांसाठी येणाऱ्या निधीपैकी सुमारे 4 कोटी डॉलर ठरावीक कामांसाठीच बाजूला ठेवणं शाळांना भाग पडलं. काही ठिकाणच्या शिक्षण अधीक्षकांनी त्या सक्तीच्या पत्रासोबत आपलं दुसरं पत्र जोडलं आणि पालकांना कळवलं, की हा शिक्का आम्हाला मान्य नाही.

सूट गेली ती एका मुद्द्यावरून. शिक्षकांचं मूल्यमापन करताना विद्यार्थ्यांचे राज्य परीक्षेतले गुण धरलेच पाहिजेत, असा केंद्राचा आग्रह होता. राज्याच्या विधिमंडळाने तो निर्णय स्थानिक शिक्षण मंडळांवर सोडला होता आणि कायदा बदलायला नकार दिला. गंमत अशी की मूल्यमापनाची ही अट संसदेने केलेल्या कायद्यात कुठेच नव्हती. ती सूट देताना शिक्षण खात्याने घातली होती. केंद्राचा शिक्षण कायदा राज्यांनी कितपत वाकवायचा, कितपत पाळायचा, या जुन्या वादातला हा एक प्रसंग. वाद अजून मिटलेला नाही, उलट 2025 पासून तो पुन्हा पेटला आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा विषयच नाही. 1791च्या दहाव्या दुरुस्तीप्रमाणे जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांचे किंवा लोकांचे. त्यामुळे अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तकं, शिक्षकांची पात्रता, शाळेचे दिवस, हे सगळं राज्यं आणि त्यांच्या हाताखालची हजारो स्थानिक शिक्षण मंडळं ठरवतात. शालेय शिक्षणावर होणाऱ्या खर्चात केंद्राचा वाटा साधारण 8 ते 10 टक्के. करोनाच्या मदतनिधीमुळे तो काही काळ वाढला होता, इतकंच. उरलेला पैसा राज्याच्या तिजोरीतून आणि घरपट्टीसारख्या स्थानिक करांतून येतो. मग दहा टक्के देणाऱ्याचं शंभर टक्के का ऐकायचं, हा राज्यांचा प्रश्न रास्त आहे.

उत्तर असं, की केंद्र हुकूम देत नाही, पैसा देतं आणि पैशाला अटी जोडतं. अटी नको असतील तर पैसा नाकारायची मोकळीक राज्याला आहे. अशा अटी घालण्याचा केंद्राचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 1987च्या साउथ डकोटा विरुद्ध डोल या खटल्यात मान्य केला (तो खटला दारू पिण्याच्या वयोमर्यादेबद्दल होता, तत्त्व मात्र तेच). अट आधीपासून स्पष्ट हवी आणि ती राज्याचा गळा आवळणारी नको, अशी कुंपणंही न्यायालयांनी घातली आहेत. अर्थात शाळा निधीवर चालत असताना पैसा नाकारण्याचं स्वातंत्र्य बरंचसं कागदावरच राहतं. दिव्यांग मुलं, मुलगा-मुलगी भेद, वंश आणि भाषा यांबाबतचे नागरी हक्कांचे कायदे तर निधीच्या हिशेबाने सैल करताच येत नाहीत.

ही व्यवस्था सुरू झाली 1965 मध्ये. 11 एप्रिलला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन टेक्सासमधल्या आपल्या गावच्या एकखोली शाळेपाशी गेले आणि आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून त्यांनी प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्यावर सही केली. गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना केंद्राने जादा पैसा द्यायचा, हा त्याचा गाभा. कायद्याच्या ‘शीर्षक एक’ या भागाखाली येणारा हा निधी आजही शालेय शिक्षणातल्या केंद्राच्या मदतीचा कणा आहे. अभ्यासक्रमावर केंद्राचं नियंत्रण नसेल, हे वचनही त्याच कायद्यात दिलं होतं.

सुरुवातीला राज्यांना भरपूर मोकळीक होती. तिचं काय झालं ते 1969 मध्ये रूबी मार्टिन आणि फिलिस मॅक्लूर यांनी तयार केलेल्या अहवालाने दाखवलं. गरीब मुलांच्या नावाने आलेला पैसा अनेक ठिकाणी सरसकट सगळ्या शाळांच्या खर्चात मिसळला गेला होता आणि काही ठिकाणी त्यातून पोहण्याचे तलाव बांधले गेले होते. दक्षिणेत तर वंशभेदाने वेगळ्या ठेवलेल्या काळ्या मुलांच्या शाळांना त्यांच्या हक्काचं मिळतच नव्हतं. पुढच्याच वर्षी संसदेने नियम घट्ट केला: केंद्राचा पैसा राज्याच्या पैशात भर म्हणून वापरायचा, त्याच्या जागी नाही. केंद्राच्या नियमांना जाच म्हणणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये असं मला वाटतं. प्रत्येक जाचक कलमाच्या मागे कुठल्यातरी मुलांचा बुडालेला हिस्सा असतो.

पुढची बरीच वर्षं हिशेब मुख्यतः पैशाचा होता. मूल शिकलं का, हे केंद्र फारसं विचारत नव्हतं. ते ठामपणे विचारायला लागलं 8 जानेवारी 2002 पासून, जेव्हा जॉर्ज बुश यांनी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या कायद्यावर सही केली. तिसरी ते आठवी दर वर्षी आणि वरच्या वर्गांत एकदा वाचन आणि गणिताची परीक्षा. निकाल सगळ्या शाळेचा एकत्र न लावता गरीब मुलं, काळी मुलं, लॅटिनो मुलं, दिव्यांग मुलं, इंग्रजी शिकणारी मुलं असा वेगवेगळा लावायचा. 2014 पर्यंत देशातलं प्रत्येक मूल दोन्ही विषयांत ‘प्रवीण’ झालं पाहिजे. एकाही गटात शाळा मागे पडली तर वर्षागणिक कडक होत जाणारी कारवाई.

हे उद्दिष्ट अशक्य होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरी या कायद्याची खरी गोम दुसरीकडे होती. उपाय काय करायचे, केव्हा करायचे, कोणत्या क्रमाने करायचे, हे केंद्राने बारकाईने लिहून ठेवलं. पण ‘प्रवीण’ म्हणजे किती गुण, परीक्षा किती कठीण, एखादा गट मोजायला त्यात किमान किती मुलं हवीत, हे सगळं राज्यांवर सोडलं. जिथे मोकळीक हवी तिथे सक्ती झाली आणि जिथे एकच माप हवं तिथे पन्नास मापं आली.

परिणाम काय झाला ते टेनेसीत दिसतं. राज्याच्या परीक्षेत दहातली जवळपास नऊ मुलं प्रवीण ठरत होती. त्याच वेळी केंद्राच्या राष्ट्रीय चाचणीत (ही देशभर नमुना पद्धतीने घेतात आणि तिच्या निकालावर कुणाचं काहीच अवलंबून नसतं) त्याच राज्यातलं चारांतलं एक मूल जेमतेम त्या पातळीला पोहोचत होतं. दोन्ही परीक्षांची पातळी एकसारखी नाही हे खरं, पण एवढी दरी नुसत्या त्या फरकाने पडत नाही. 2007 मध्ये अमेरिकेच्या चेंबर ऑफ कॉमर्सने राज्यांच्या शिक्षणाचं प्रगतिपुस्तक काढलं, त्यात पालकांना खरं सांगण्याच्या बाबतीत टेनेसीला नापासाची श्रेणी दिली. राज्याने ते मनावर घेतलं. 2010 मध्ये परीक्षा कठीण केली आणि प्रवीण मुलांचा आकडा कोसळू दिला. पालकांना तो आकडा दाखवायला धैर्य लागलं असणार. 2013च्या राष्ट्रीय चाचणीत मात्र टेनेसी सर्वात वेगाने सुधारणाऱ्या राज्यांत होतं.

गटाच्या किमान आकड्याचं प्रकरण याहून वाईट. कल्पना वाजवी आहे: वर्गात तीनच दिव्यांग मुलं असतील आणि त्यांचा निकाल जाहीर केला, तर कुणाला किती गुण ते सगळ्या गावाला कळेल. शिवाय इतक्या थोड्या मुलांवरून शाळेबद्दल काही ठरवणं बरोबर नाही. म्हणून एक किमान संख्या हवीच. पण ती संख्या राज्याने ठरवायची, आणि जितकी मोठी ठरवाल तितके गट हिशेबातून गळतील. कुणी 30 ठरवली, कुणी 50. असोसिएटेड प्रेसने 2006 मध्ये हिशेब मांडला, तेव्हा देशभरातल्या सुमारे 19 लाख मुलांचे गुण त्यांच्या वांशिक गटाच्या हिशेबात धरलेच जात नव्हते असं निघालं. ही मुलं बहुतेक अल्पसंख्याक गटांतली होती. वगळलेलं मूल शाळेत येत होतं, परीक्षाही देत होतं, फक्त त्याच्या नापास होण्याने कुणाला जाब द्यावा लागत नव्हता.

टेक्सासने तर मोजण्याआधीच मुलं कमी केली. दिव्यांग मुलांसाठी 1975 पासून वेगळा केंद्रीय कायदा आहे. गरज असलेलं प्रत्येक मूल शोधून काढणं आणि त्याला साजेसं मोफत शिक्षण देणं हे राज्याचं कर्तव्य. या मुलांवरच्या जादा खर्चाचा 40 टक्के वाटा देईन असं केंद्राने तेव्हा म्हटलं होतं. ते वचन आजवर एकदाही पुरं झालेलं नाही, हेही इथे सांगायला हवं. 2004 मध्ये टेक्सासच्या शिक्षण संस्थेने शाळांच्या देखरेखीत एक नवा निर्देशांक घातला: एकूण मुलांपैकी 8.5 टक्क्यांहून जास्त मुलं विशेष शिक्षणात असतील तर ते शाळेच्या विरुद्ध धरलं जाईल. देशाची सरासरी तेव्हा 13 टक्क्यांच्या आसपास होती. आकडा खाली आला आणि नेमका 8.5 वर येऊन थांबला. डिस्लेक्सिया, स्वमग्नता, मानसिक आजार असलेल्या मुलांच्या पालकांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, की आधी दुसरा उपाय करून पाहू, थोडं थांबा, तुमचं मूल बसत नाही. ह्यूस्टन क्रॉनिकल या वृत्तपत्राने 2016 मध्ये हे उघड केलं. 2017 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने अशा मर्यादेवर बंदी घातली. जानेवारी 2018 मध्ये केंद्राच्या खात्याने टेक्सासने कायदा मोडल्याचा निष्कर्ष काढला. तोवर बारा-तेरा वर्षं गेली होती, म्हणजे एका मुलाचं पहिलीपासून शाळा सुटेपर्यंतचं सगळं शिक्षण.

इतक्या वर्षांत केंद्र काय करत होतं? इथे या व्यवस्थेतली सर्वात अवघड गाठ आहे. नियम मोडणाऱ्या राज्याविरुद्ध केंद्राच्या हातातलं मोठं हत्यार म्हणजे पैसा रोखणं. पण तो पैसा असतो गरीब आणि दिव्यांग मुलांचा. शिक्षा राज्याला करायची तर मार त्याच मुलांना बसतो. म्हणून धमकी दिली जाते, पत्रव्यवहार होतो, पण पैसा क्वचितच थांबतो. राज्यांनाही हे ठाऊक असतं. परीक्षेला 95 टक्के मुलं बसली पाहिजेत असा नियम असताना 2015 मध्ये न्यूयॉर्क राज्यात तिसरी ते आठवीच्या साधारण पाचातल्या एका मुलाला पालकांनी परीक्षेला बसवलंच नाही, आणि त्यावरून राज्याचा निधी काही कापला गेला नाही. नियमात लिहिलेली मुभा एक आणि अंमलबजावणीच्या ढिलाईतून मिळणारी मुभा दुसरी. दुसरी कितीतरी मोठी.

2011 पर्यंत ‘नो चाइल्ड’ कायदा गळ्याशी आला होता. संसदेला नवा कायदा जमेना, तेव्हा ओबामा सरकारने सूट देण्याचा अधिकार वापरला. मात्र सूट फुकट नव्हती. अधिक कठीण अभ्यासमानकं, शिक्षकांच्या मूल्यमापनात मुलांचे गुण, अशा अटी मान्य करा, मग सूट घ्या. चाळीसहून जास्त राज्यांनी ती घेतली. व्हर्मांटने घेतली नाही आणि तिथल्या शिक्षण सचिवांनी पालकांना पत्र लिहून स्वच्छ सांगितलं, की आमच्या शाळांवरचा हा शिक्का खरा नाही. वॉशिंग्टन राज्याचं काय झालं ते वर आलंच आहे. शिक्षण मंत्र्याने संसदेला वळसा घालून पन्नास राज्यांशी वेगवेगळे सौदे करावेत हे मला मुळातच गैर वाटतं. त्या अटींतल्या काही चांगल्या असतीलही, पण ज्या अटीवर लोकप्रतिनिधींनी कधी मत दिलं नाही तिच्या जोरावर राज्याच्या विधिमंडळाला वाकवणं संघराज्याला शोभत नाही.

त्याची प्रतिक्रिया म्हणून 10 डिसेंबर 2015 रोजी ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स’ हा कायदा आला. रिपब्लिकन लामार अलेक्झांडर आणि डेमोक्रॅट पॅटी मरे या दोन सिनेटरांनी मिळून तो घडवला आणि सिनेटमध्ये तो 85 विरुद्ध 12 मतांनी मंजूर झाला. आज अशी मतं क्वचितच पडतात. परीक्षा आणि गटवार निकाल कायम राहिले. शिक्षकांच्या मूल्यमापनाची सक्ती गेली. कुठली मानकं स्वीकारावीत याबद्दल मंत्र्याने राज्यांवर दबाव आणायला कायद्यानेच मनाई झाली. शाळेचं मोजमाप कसं करायचं ते राज्य ठरवेल. गुण, प्रगती, इंग्रजी येणं, शाळा पुरी करणं यांच्या जोडीला गुणवत्तेचा आणखी एक निकष राज्याने स्वतः निवडायचा. बहुतेक राज्यांनी सततची गैरहजेरी निवडली. कॅलिफोर्निया मुलांना निलंबित करण्याचं प्रमाणही धरतं आणि शाळेला रंगांत दाखवतं. फ्लोरिडा ए ते एफ अशी श्रेणी देतं. निधी घेणाऱ्या सर्वात खालच्या 5 टक्के शाळा आणि तिघांतलं एक मूल शाळा पुरी करत नाही अशी हायस्कुलं मात्र हुडकून सुधारायलाच हवीत. कशी सुधारायची, ते राज्य आणि शाळा ठरवतील.

या रचनेत मला एक शहाणपण दिसतं. मार्ग राज्यांचा आणि प्रश्न मात्र सगळ्यांना तोच, असा तिचा रोख आहे. पण गटाची किमान संख्या अजूनही राज्याच्याच हातात आहे. आता ती बहुतेक ठिकाणी 10 ते 30 आहे, म्हणजे न्यू जर्सीतल्या एका शाळेत जो गट हिशेबात दिसतो, तेवढाच गट कॅलिफोर्नियातल्या शाळेत दिसेलच असं नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांशी या मुभेचा सर्वात थेट संबंध येतो तो शाळाप्रवेशाच्या वेळी. नाव घालताना एक छोटा तक्ता भरावा लागतो: घरी कोणती भाषा बोलता? तिथे ‘मराठी’ लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होऊ शकते. वर्षाच्या सुरुवातीला नाव घातलं असेल तर पालकांना तीस दिवसांच्या आत निकाल कळवणं केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे. पण कोणती चाचणी आणि किती गुणांना मूल ‘इंग्रजी शिकणारा’ या गटातून बाहेर पडणार, हे राज्य ठरवतं. विस्कॉन्सिन विद्यापीठातून चालणारी ‘विडा’ची चाचणी बरीच राज्यं वापरतात. तिची मोजपट्टी सहापर्यंतची. एखादं राज्य साडेचारच्या आतच मुलाला मोकळं करतं, दुसरं पाचाच्या जवळ गेल्याशिवाय सोडत नाही. टेक्सास, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांच्या चाचण्या स्वतःच्या. नोकरी बदलून कुटुंब दुसऱ्या राज्यात गेलं की काल गटाबाहेर पडू शकणारं मूल आज गटात असू शकतं, त्याचं इंग्रजी तेवढंच असलं तरी. काही पालक या भीतीने तक्त्यात ‘इंग्रजी’ लिहून मोकळे होतात. तसं करू नये. मुलाला मदतीची गरज असेल तर ती मिळण्याचा हक्क त्या एका उत्तरावर उभा असतो, आणि वेगळे वर्ग नको असतील तर ते नाकारण्याची मुभा पालकांना कायद्यानेच आहे. वार्षिक चाचणी तेवढी द्यावी लागते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं अगदीच परकं वाटू नये. 1976च्या घटनादुरुस्तीने शिक्षण आपल्याकडे समवर्ती सूचीत गेलं. शिक्षणहक्क कायदा केंद्राचा, त्याचे नियम राज्याचे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना 25 टक्के राखीव जागांतून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, कारण केंद्राच्या कायद्याने दिलेला हक्क राज्याला नियमाच्या वाटेने काढून घेता येत नाही. फरक एवढा की आपल्याकडे राज्य अडलं ते कायद्यापाशी, तिकडे बहुतेक वेळा पैशापाशी अडतं.

करोनाच्या साथीत, मार्च 2020 मध्ये, सगळ्या राज्यांना परीक्षांतून सूट मिळाली. ती द्यायलाच हवी होती, शाळाच बंद होत्या. 2021 मध्ये नव्या सरकारने परीक्षा घ्यायला लावल्या, पण त्या लहान करा, उशिरा घ्या, निकालावरून शाळांना शिक्षा करू नका अशी मोकळीक ठेवली. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. मुलं किती मागे पडली हे त्यामुळेच शाळाशाळांगणिक कळलं आणि मदतनिधी कुठे वळवायचा याला आधार मिळाला.

आता वारं उलट्या दिशेने वाहतं आहे. मार्च 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कायद्याच्या मर्यादेत राहून शिक्षण खातं बंद करण्याच्या दिशेने पावलं टाकण्याचा आदेश काढला. खात्यातली जवळपास निम्मी माणसं कमी करण्याला जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तूर्त वाट मोकळी करून दिली. शिक्षणमंत्री लिंडा मॅकमहन यांनी त्याच वर्षी राज्यांना सूट मागण्याचं निमंत्रणच दिलं. निरनिराळ्या शीर्षकांखाली येणारा पैसा एकत्र करून आपल्या पद्धतीने वापरू द्या, अशी मागणी आयोवाने 2025 मध्ये केली. कागदपत्रं कमी होतील, छोट्या गावातल्या शाळेतला कारकून सहा वेगळे हिशेब लिहिण्यातून सुटेल, हे सगळं खरं आहे. पण 1969च्या अहवालात जे दिसलं होतं ते पैसा एकत्र झाल्यावरच दिसलं होतं. शिवाय तक्रार ऐकणारी, टेक्सासमध्ये जाऊन शाळा तपासणारी माणसंच खात्यात उरली नाहीत, तर मुद्दाम सूट न देताही सूट मिळाल्यासारखंच आहे.

राज्याने अशी सूट मागण्याआधी तशी जाहीर सूचना काढून शाळा आणि नागरिकांची मतं मागवली पाहिजेत, असं आजच्या कायद्यातलं कलम सांगतं. आलेल्या हरकती अर्जासोबत केंद्राकडे पाठवायच्या असतात आणि केंद्राने 120 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. नागरी हक्कांचे नियम आणि निधीच्या वाटपाचं सूत्र यांत सूट देताच येत नाही. ही सूचना बहुधा राज्याच्या शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर निघते, आणि हरकत पाठवायला मुदत थोडी असते. आपल्या राज्यात गटाची किमान संख्या किती, हे त्याच संकेतस्थळावरच्या राज्याच्या शिक्षण आराखड्यात लिहिलेलं असतं. ते जिथे राहता तिथलं एकदा शोधून वाचा, विशेषतः मूल विशेष शिक्षणात किंवा इंग्रजीच्या वर्गात असेल तर.